न उघडलेली सात झाकणं

मी एक जुना डबा आहे. पण मित्रांनो, हात पुढे करू नका, माझ्यात खाऊ नाही. माझ्या सात खणांत सात दिवसांच्या गोळ्या असतात. कारखान्यातले माझे हजारो भाऊ कुठे गेले ठाऊक नाही. मी एका घड्याळजीच्या घरी आलो.

त्याच्या बायकोला संधिवात. बोटं इतकी आखडलेली, की माझं झाकण तिच्याने उघडायचं नाही. घड्याळजी दर रविवारी मला भरायचा आणि रोज सकाळी दुकानात जाण्याआधी एक झाकण उघडून गोळ्या तिच्या तळहातावर ठेवायचा. "घे, आजचा खुराक," म्हणायचा. पाहुणे म्हणत, "नवरा असावा तर असा!" ते ऐकून माझ्या प्लास्टिकच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं.

येणारा-जाणारा तिची तब्येत विचारायचा. त्याची कुणीच विचारली नाही. हळूहळू तो गप्प झाला. दुकान बंद ठेवून दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडू लागला. एका आठवड्यात तर माझं एकही झाकण उघडलं नाही.

तिचे गुडघे सुजले. भिंत धरून ती माझ्यापाशी यायची, पुटपुटायची, "आधीच त्यांचं मन थाऱ्यावर नाही, त्यात माझी कटकट कशाला?" आणि तशीच परत जायची. शेजारणीने विचारलं तर म्हणायची, "बरं आहे हो." मी काठोकाठ भरलेला होतो आणि कुणाच्याच उपयोगाचा नव्हतो. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी सवयीने त्याने मला भरायला हातात घेतलं, तर सातही खण भरलेलेच.

"गोळ्या सोडल्यास? माझ्या हातच्या नकोशा झाल्या का?"

"झाकण उघडत नाही हो माझ्याने."

"मग हाक मारायची!"

"मारली असती. पण तुम्ही होतात कुठे?"

तो तिथेच जमिनीवर बसून रडला. "मला काही सुचतच नाही गं," एवढंच म्हणाला. तिला खाली बसता येत नव्हतं, म्हणून तिने उभ्यानेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मग दोघंही डॉक्टरांकडे गेले. आता माझ्या प्रत्येक खणात त्याचीही एक गोळी असते. रोज सकाळी ती "अहो" म्हणून हाक मारते. कधी तो लगेच उठतो, कधी दुपार होते. ती हाक मारायचं सोडत नाही.

मित्रांनो, माझी एक बिजागरी तुटली आहे, पण घड्याळजीने ती तारेने जोडली. माझी काळजी नको. फक्त आजारी माणसाला भेटायला गेलात, तर शेजारी पाण्याचा पेला घेऊन उभ्या असलेल्यालाही विचारा, "आणि तुम्ही कसे आहात?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.