बापूजींचा आवाज झालेला डब्बा

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो; पण पवनारात मला या नावाने कुणी हाक मारत नाही. या घरात मी 'डब्बा' आहे. "डब्ब्यावर फडकं टाक", "डब्बा चालू हाय काय?" असं दिवसभर चालतं. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. आता वाटत नाही. या डब्ब्याच्या वाट्याला एक असं काम आलं, की माझ्याहून कितीतरी महागड्या संगणकांना ते कधी मिळालं नसेल.

माझे सुटे भाग कुठकुठल्या देशांत तयार झाले, ते मलाही नीट ठाऊक नाही. एका दुकानात ते जोडले गेले, स्क्रू आवळले गेले, आणि पहिल्यांदा वीज अंगात शिरली तेव्हा माझा पंखा आनंदाने गरगरला. तिथून मी वर्ध्याच्या एका टायपिंग शिकवणाऱ्या संस्थेत गेलो. किती मुलांची बोटं माझ्या कळफलकावर धडपडली, अडखळली आणि शेवटी पळायला लागली! परीक्षेच्या दिवशी सर हळूच म्हणायचे, "खिडकीजवळच्यावर बस. तो दगा देत नाही." ते ऐकून माझी छाती, म्हणजे पत्र्याची पेटी, फुगून यायची.

पण मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. नव्या प्रणाली आल्या. त्या माझ्या अंगात मावेनात. मी सुरू व्हायला इतका वेळ लावू लागलो, की मुलं तेवढ्यात बाहेर जाऊन समोसा खाऊन यायची. मग मला मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत ठेवलं. माझ्यावर धूळ बसली आणि एका कोळ्याने माझ्या पाठीमागे संसार थाटला.

तिथून मला आकांक्षाने बाहेर काढलं. ती याच संस्थेत शिकली होती आणि पुढे तिथेच शिकवत होती. सरांना विचारून तिने मला पवनारला, आपल्या घरी आणलं. मला स्वच्छ पुसलं आणि माझ्यात लिनक्स घातलं. लिनक्स ही जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणालाही मोकळेपणाने वापरता येणारी प्रणाली. ती माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही झेपते. नव्या जन्मासारखं वाटलं मला. पण आकांक्षाने मला स्वतःसाठी आणलं नव्हतं. आपल्या आजोबांसाठी, बापूजींसाठी आणलं होतं.

बापूजींचं धाम नदीच्या काठी भाजीचं वावर. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन ते वर्ध्याच्या बाजारात बसायचे. त्यांचा आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळून यायचं. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा खाण्याची सवय त्यांना भोवली. गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. बापूजी वाचले, पण आवाज गेला तो गेलाच.

घरी आल्यावर त्यांनी पाटी घेतली. मुलगा गोपाल वाचायचा, सून अंजू वाचायची. पण बापूजींच्या बायकोला, देवकाबाईंना, वाचता येत नव्हतं. बापूजी पाटीवर लिहून ती त्यांच्यासमोर धरायचे, आणि मग नवरा-बायको दोघंही त्या पाटीकडे नुसतं बघत बसायचे. आकांक्षाला ते पाहवलं नाही. मोबाईल देऊन पाहिला, तर त्याच्या इवल्याशा अक्षरांवर बापूजींचं जाड बोट एका वेळी दोन-दोन अक्षरं दाबायचं. माझ्या कळा मात्र त्यांच्या बोटांना पुरेशा मोठ्या होत्या.

माझ्यात एक छोटा प्रोग्राम आहे. मराठीत लिहा आणि एक कळ दाबा, की मी ते मोठ्याने बोलतो. माझा आवाज काही गोड नाही. नाकातून बोलल्यासारखा, सपाट आहे. पण बापूजींनी एका बोटाने पहिलं वाक्य लिहिलं, आणि मी म्हणालो, "देवका, चहा ठेव."

देवकाबाई दचकून उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघितलं, बापूजींकडे बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवाज नवा आला, पण हुकूम जुनाच हाय!"

मग चुलीपाशी गेल्या आणि पदराने डोळे पुसत हसत राहिल्या. त्या दिवसापासून, मित्रांनो, मी बापूजींचा आवाज झालो.

पुढे आकांक्षाला नागपूरला नोकरी लागली. जाताना तिने बापूजींना लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका गटात सामील करून दिलं. हा गट माझ्याच पडद्यावर उघडतो. विदर्भातली साधी माणसं त्यात आहेत. कुणाचा प्रिंटर छापत नाही, कुणाची मराठी अक्षरं चौकोनी दिसतात, कुणाचं वायफाय सारखं तुटतं. जो तो आपली अडचण लिहितो आणि ज्याला माहीत असेल तो उत्तर देतो. बापूजींना हा गट फार आवडायचा, कारण तिथे सगळेच लिहून बोलतात. तिथे कुणाला कळतच नव्हतं, की या माणसाला आवाज नाही.

आणि मग आकांक्षाचं लग्न जुळलं. रविवारी घरच्या अंगणातच साखरपुडा ठरला. पाहुण्यांपुढे आजोबांनी चार शब्द बोलावेत, असा तिचाच हट्ट होता. बापूजींनी आठवडाभर ते शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. मी रोज ते बोलून दाखवायचो. देवकाबाई सांगायच्या, "एवढं लंबं नको. लोकं भुकेजले असतीन."

शुक्रवारी सकाळी बापूजींनी मला सुरू केलं, लिहिलं आणि कळ दाबली. मी बोललो. पण आवाजच आला नाही!

त्यांनी पुन्हा कळ दाबली. स्पीकर हलवला, वायर काढून परत खोचली. काही नाही. माझ्या गळ्यात शब्द होते, पण ते बाहेर पडत नव्हते. बापूजींचा चेहरा मी समोरून पाहत होतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते मला त्या सकाळी कळलं.

अंजू आणि गोपाल वावरात गेले होते. आकांक्षा नागपूरला कामावर. बापूजींनी गट उघडला आणि एका बोटाने लिहिलं, "डब्ब्याचा आवाज बंद झाला. रविवारच्या आत पाहिजे. मदत करा."

गट लगेच जागा झाला. कुणी म्हणालं, वायर तपासा. कुणी म्हणालं, आवाज शून्यावर असेल. एकाने तर लिहिलं, "एवढा जुना संगणक? भंगारात द्या नं!" दुसऱ्याने सुचवलं, सगळं पुसून लिनक्स नव्याने घाला. तसं केलं असतं, तर बापूजींनी साठवलेलं एकेक वाक्य पुसलं गेलं असतं.

तेवढ्यात जागृती मॅडम आल्या. त्या तळेगावच्या शाळेत शिकवतात. त्यांनी लिहिलं, "थांबा सगळे. बापूजी, काही पुसू नका. आवाजाच्या सेटिंगमध्ये काय लिहिलंय, तेवढं सांगा."

बापूजींनी पाहून लिहिलं, "डमी आउटपुट."

"म्हणजे संगणकाला वाटतंय, की आपल्याला आवाजाचं यंत्रच नाही. कालपर्यंत चालू होतं नं? मग काल काय बदललं?"

बापूजींना आठवलं. काल रात्री पडद्यावर अपडेटची सूचना आली होती आणि त्यांनी 'हो' म्हटलं होतं. खरं होतं ते. माझा कर्नल, म्हणजे आतला गाभा, नवा आला होता, आणि हा नवा गाभा माझ्या गळ्याला ओळखतच नव्हता.

"मग सोपं आहे," मॅडमनी लिहिलं. "जुना कर्नल अजून आतच असतो. संगणक सुरू होताना एस्केपची कळ दाबत राहा. यादी येईल. त्यात जुना निवडा."

पण मी बंद झालो, की गटही बंद! मग वाचायचं कुठून? बापूजींनी पेन घेतलं आणि सगळं डाव्या तळहातावर लिहून घेतलं. मला बंद केलं, चालू केलं, आणि चष्मा सावरून तळहात वाचेपर्यंत मी नेहमीसारखा सुरूही झालो होतो. त्यांनी गटात लिहिलं, "गाडी सुटली."

गटात मधुकरराव नावाचे एक गृहस्थ होते. पिपरी मेघेला राहतात, नोकरीतून निवृत्त झालेत. स्वभावाने घाईचे. त्यांनी लिहिलं, "लिहिण्यात काऊन टाइम घालवून राह्यले? गटाच्या यादीत नंबर हाय, मी फोन करतो. दोन मिनिटात सांगतो."

फोन वाजला. बापूजी त्याच्याकडे बघत बसले. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलून कानाला लावला.

"हॅलो! हॅलो! अवो, बोला नं!" पलीकडून आवाज येत होता. थोड्या वेळाने फोन कट झाला आणि पडद्यावर मधुकररावांचा मजकूर उमटला, "फोन उचलते आणि बोलत नाई! कमाल माणूस हाय!"

बापूजींनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी लिहिलं, "मधुकरराव, रागावू नका. मले आवाज नाई. गळ्याचं ऑपरेशन झालं. हा डब्बाच माझ्यासाठी बोलते. तोच बंद पडला. रविवारी नातीचा साखरपुडा हाय. तिच्यासाठी चार शब्द बोलाचे होते."

नेहमी भराभर येणारी अक्षरं थांबली. मला वाटलं, माझं इंटरनेटही गेलं की काय!

मग मधुकररावांनी फक्त एवढंच लिहिलं, "घर कुठं हाय? मी येऊन राह्यलो."

पिपरी मेघेहून पवनार काही लांब नाही. मधुकररावांची स्कूटर दारात थांबली तेव्हा देवकाबाईंनी नुकतं चहाचं आधण ठेवलं होतं. मधुकरराव आत आले आणि हात जोडून उभे राहिले. म्हणाले, "बापूजी, मले माहीत नव्हतं."

बापूजींनी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टूल पुढे सरकवलं.

मग काय विचारता, मित्रांनो! मधुकररावांनी मोबाईलवर जागृती मॅडमना जोडून घेतलं. मॅडम सांगत होत्या, मधुकरराव मोठ्याने सांगत होते, आणि कळफलकावर बापूजींचंच बोट होतं.

"दाबा! दाबा! सोडू नका!" मधुकरराव ओरडत होते.

"अहो, एकदा दाबून धरायचं नाही, टकटक करायचं," मॅडम मोबाईलमधून म्हणाल्या.

"टकटक करा, बापूजी! कोंबडा दाणे टिपते तसं!"

माझ्या काळ्या पडद्यावर यादी आली. बापूजींनी प्रगत पर्याय उघडले, बाणाची कळ दाबत जुन्या कर्नलवर आले आणि एंटर दाबलं. माझ्या आत जुना, ओळखीचा गाभा जागा झाला. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि माझा गळा ओळखला. स्पीकरमधून 'टक्' असा बारीकसा आवाज आला.

बापूजींनी प्रोग्राम उघडला, सावकाश लिहिलं आणि कळ दाबली. मी माझ्या नाकातल्या, सपाट आवाजात खणखणीत बोललो, "मधुकरराव, आता करा फोन. उचलतो."

मधुकरराव उठून अंगणात गेले. फोन वाजला. बापूजींनी तो उचलून माझ्या स्पीकरपाशी धरला, आणि मी म्हणालो, "हॅलो. मी बापूजी बोलून राह्यलो. आत या. चहा थंडा होते."

अंगणातून बराच वेळ उत्तर आलं नाही. देवकाबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि हसत म्हणाल्या, "आता हे भाऊ बोलत नाई!"

जुनाच कर्नल दरवेळी सुरू व्हावा, अशी सोय जागृती मॅडमनी त्याच बैठकीत करवून घेतली. बापूजींची सगळी वाक्यं एका पेनड्राइव्हवरही उतरवून ठेवायला लावली. "यंत्र कितीही चांगलं असलं, तरी दुसरी प्रत पाहिजे," त्या म्हणाल्या. मला मुळीच राग आला नाही. बरोबरच होतं ते.

रविवारी मला अंगणात टेबलावर ठेवलं. अंजूने माझ्या डोक्यावरही झेंडूची माळ घातली. पाहुणे बसले. बापूजी माझ्यासमोर बसले, एकदा नातीकडे पाहिलं आणि कळ दाबली. मी बोललो, "पाहुणेहो, आमची आकांक्षा कमी बोलते. पण ती बोलली, तर ऐकून घेजा. माणसाचं बोलणं कोणी ऐकून घेते, तेच घर असते. बाकी नुसत्या भिंती."

माझ्या सपाट आवाजात काहीच चढउतार नव्हता, तरी नवऱ्या मुलाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. आकांक्षा धावत आली आणि आजोबांच्या गळ्यात पडली. गर्दीत मधुकररावही होते. तळेगावहून जागृती मॅडमही आल्या होत्या. पडद्यावरची माणसं त्या दिवशी एका पंगतीला बसून वांग्याची भाजी आणि पुरणपोळी जेवली.

मित्रांनो, यंत्र जुनं झालं म्हणून लगेच टाकून देऊ नका. धूळ पुसा, आतलं महत्त्वाचं दुसरीकडेही जपून ठेवा. आणि कुणी अडचण विचारली, तर ती विचारायला त्याला किती धीर लागला असेल, हे आधी मनात आणा.

आता बापूजी गटात इतरांना उत्तरं देतात. पण त्यांची एक पद्धत आहे. उत्तर पाठवण्याआधी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात, आणि देवकाबाई भाजी निवडत ऐकतात. परवा एका नव्या बाईंनी विचारलं, की पडद्यावरची खिडकी मोठी कशी करायची. बापूजींनी लिहिलं आणि मी बोललो, "हे तर लेकरांनाही समजते. वरचा चौकोन दाबा."

देवकाबाईंचा हात थांबला. "असं काऊन लिवता? तिले वाईट वाटन नं."

बापूजींनी पहिलं वाक्य खोडलं, थोडा विचार केला आणि नवं लिहिलं. मी ते बोलून दाखवलं, "ताई, सुरुवातीले मलेही नव्हतं समजत."

"हां," देवकाबाई म्हणाल्या, "आता पाठवा."