सतरा की एकवीस

"अजून एकदा ठोकून बघतो," असं म्हणून डॉयल पुन्हा त्या बोटीखाली शिरला आणि ग्लेंडाने त्याची टोपी या हातातून त्या हातात घेतली.

ठक. ठक. ठक. फायबरच्या आतलं लाकूड कुजलेलं असेल तर आवाज बद्द येतो, हे ग्लेंडा आता झोपेतसुद्धा सांगू शकली असती. याच अंगणात, याच सतरा फुटी बोटीखाली तिचा नवरा आज तिसऱ्यांदा आडवा झाला होता. बोटीची मालकीण, मिसेस बायनम, व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसून वाटाणे सोलत होती. नवरा गेल्यापासून तिला ती बोट एकदाची डोळ्यांसमोरून हलायला हवी होती.

"मिस्टर प्रूएट," ती म्हणाली, "बोट विकत घ्यायचीय की तिच्याशी लग्न लावायचंय?"

"घाईनं घ्यायची वस्तू नाही ही, मॅडम," बोटीखालून आवाज आला.

"माझ्याशी लग्न करताना यानं दोन दिवससुद्धा विचार केला नव्हता," ग्लेंडा म्हणाली.

"टब आहे हा, टब!" लॅमार म्हणाला. ग्लेंडाचा हा थोरला भाऊ, डॉयलचा मासेमारीतला जन्माचा जोडीदार. तो हाताची घडी घालून बोटीकडे असा बघत होता, जणू तिने त्याचा अपमान केला होता. "आंघोळीला बरा आहे. डॉयल, उठ, ती एकवीस फुटी बघायला चल. अरे, बोट म्हणजे ती!"

जुन्या बोटीचा तळ वसंतात तडकला, तेव्हापासून प्रूएटांच्या घरात दुसरा विषय नव्हता. जेवताना बोट, चर्चच्या पायऱ्यांवर बोट. गंटर्सव्हिलच्या तलावाभोवती विकायला निघालेल्या सगळ्या बोटी बघून झाल्या आणि शेवटी दोन उरल्या, एक सतरा फुटी, एक एकवीस. त्यात निवडायचं ते काय? सतरा फुटी गॅरेजमध्ये मावत होती, जुन्या पिकअपला झेपत होती, एकट्या माणसाला पाण्यात घालता येत होती. एकवीस फुटीसाठी ग्लेंडाचा फ्रीजर गॅरेजबाहेर काढावा लागला असता आणि तिचं इंजिन पेट्रोल नुसतं ढोसणारं होतं. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण डॉयल रोज सकाळी सतराचा व्हायचा आणि रात्री एकवीसचा.

ग्लेंडा पक्की सतराच्या बाजूची होती. गॅरेज आणि पेट्रोल ही तोंडावर सांगायची कारणं होती. खरं कारण असं, की सतरा फुटीत खुर्च्या दोनच होत्या. आठवडाभर ती दाताच्या डॉक्टरकडे समोरच्या टेबलाशी बसून कण्हणाऱ्या माणसांना "बसा हं, आत्ता बोलावतात" म्हणायची. रविवार देवाचा. उरला शनिवार. डॉयल आणि लॅमार पहाटे तलावावर गेले, की केसांना रोलर लावून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून ती कॉफी प्यायची. घरात कुणी काही मागायला नसायचं. लग्नापासून तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं आणि ते तिला फार प्रिय होतं. आजचा शनिवार मात्र डॉयलने खाल्ला होता. "तूपण चल ना, बाईमाणसाचं मत हवं," म्हणून. बाईमाणसाचं मत! पडद्यांचा रंगसुद्धा त्याने तिला कधी विचारला नव्हता.

एकवीस फुटीचा मालक ट्रॅव्हिस बोट ट्रेलरवर घेऊन तलावाच्या काठी, बोटी उतरवायच्या सिमेंटच्या उतारापाशी उभा होता. बोट लाल होती आणि उन्हात चमचम चमकत होती. लॅमारने शीळ घातली. ग्लेंडाने पिशवीतून केळं काढलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"केळं?" लॅमार ओरडला. "बोटीवर केळं? अगं, शुद्धीवर आहेस का? मासा फिरकायचा नाही दिवसभर!"

"मासे धरायला नाही चाललो, लॅमार. नुसती चक्कर मारायचीय."

"तरी नाही! डॉयल, सांग हिला."

"ग्लेंडा, केळं तेवढं नको गं," डॉयल अजिजीने म्हणाला. टेनेसी नदीच्या या तलावावर वाढलेली माणसं या बाबतीत पाद्र्याचंसुद्धा ऐकत नाहीत. तिने उरलेलं अर्धं केळं रागारागाने तोंडात कोंबलं आणि साल पिशवीत टाकली.

ट्रॅव्हिस बोटीच्या मागे जायला लागला, तसा लॅमारने त्याला अडवलं. "बूच कुठाय? आण इकडं. तू जन्मायच्या आधीपासून लावतोय मी." बोटीच्या शेपटाकडे, पाण्याखाली जाणाऱ्या भागात एक भोक असतं. आत साचलेलं पाणी काठावर काढायला ते उघडायचं आणि बोट उतरवण्याआधी बूच फिरवून बंद करायचं. डॉयलने पिकअप मागे घ्यायची, पट्टे सोडणं आणि बूच लॅमारकडे. बोटीत पुढची जागा डॉयलची, मागची लॅमारची. या वाटण्या इतक्या जुन्या होत्या की त्यावर कुणी बोलतही नसे.

ट्रॅव्हिस फोनवर बोलत काठावर थांबला आणि ते तिघे निघाले. डॉयलने वेग दिला तसं नाक वर झालं, मग बोट पाण्याला लागली न लागली अशी सुसाट सुटली. ग्लेंडा मधल्या खुर्चीत बसली होती. खुर्ची मऊ होती, पाठीला बरी होती, आणि हे तिला मुळीच आवडलं नाही.

"कशी आहे?" डॉयलने ओरडून विचारलं.

"फ्रीजर कुठं ठेवू ते सांग आधी!"

तलावाच्या एका फाट्याच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. लॅमार मागच्या फळीवर उभा राहून गळ टाकायचं सोंग करत होता. ग्लेंडाला पायाशी गार लागलं. खाली बघितलं, तर बूट पाण्यात. बोटीचं शेपूट जडावल्यासारखं खाली बसत चाललं होतं.

"डॉयल! पाणी!"

"लॅमार, बूच!"

"लावलं की," लॅमार म्हणाला. "हे काय, लावलं की मी." आणि त्याचा हात सवयीने शर्टाच्या खिशावर गेला, तिथेच थांबला. त्याने खिशातून बूच काढलं आणि तळहातावर धरून बघत राहिला. दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू सापडावी तसा.

डॉयलने शिवी हासडली, इंजिन चालू केलं, आणि बोट कशीबशी उचलून काठाकडे पळवली. काठावर ट्रॅव्हिस फोन सोडून ओरडत पाण्यात शिरला होता. बोट ट्रेलरवर ओढून घेतली, तरी भोकातून धो धो पाणी गळतच होतं.

"मी लावलं होतं," लॅमार हळूच म्हणाला. "लावलं होतं ना, डॉयल?"

ग्लेंडा बोलायला तोंड उघडणार, तोच डॉयल गरजला, "तरी मी सांगत होतो! केळं! हिनं केळं आणलं तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती."

ग्लेंडा थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. डॉयल तिच्याकडे बघत नव्हता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "पुन्हा नाही आणणार."

"बघ!" लॅमारला जरा हुशारी आली. "मी म्हटलं होतं की नाही?" आणि तो ट्रॅव्हिसला केळ्यामुळे बुडालेल्या बोटींच्या हकिकती सांगायला लागला. त्यातली एक त्याने येताना गाडीत सांगितली होती. दोनदा.

ग्लेंडाने नवऱ्याला पिकअपच्या पलीकडे ओढलं. "हे पहिल्यांदा नाही झालं."

"नाही."

"कधीपासून?"

"हिवाळ्यापासून. एकदा इंजिन चालू ठेवूनच बोटीतून उतरला. एकदा मला विचारलं, आपण कुठल्या तलावावर आलोय." डॉयल टोपीची कड चाचपत होता. "लहान घेतली तर त्याला वाटेल, मी एकट्यापुरती घेतली. त्याला घेऊन गेलो, तर पुढं उभा राहून मी गळ सांभाळू, बोट सांभाळू, का मागं वळून वळून त्याला बघू?"

"मग?"

"एकवीसमध्ये तिसरी खुर्ची आहे, ग्लेंडा."

ग्लेंडाच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला आणि त्यामागोमाग तिचं पित्तच खवळलं. "म्हणून! म्हणून माझ्या डोक्याचा भुगा केलास उन्हाळाभर? त्या बिचाऱ्या विधवेची बोट ठोकून ठोकून भोक पाडलंस, पण बायकोशी एक वाक्य बोलता येईना तुला?"

"कसं विचारू? तुझे शनिवार आहेत ते."

तिला वाटलं होतं, त्याच्या ते कधी ध्यानातही आलं नसेल. पलीकडे लॅमार हात पसरून मासा केवढा होता ते दाखवत होता. याच माणसाने तिला गाडी चालवायला शिकवली होती आणि तिने ती कोंबड्यांच्या खुराड्यात घातली, तर बापाला सांगितलं होतं की मीच घातली. तिला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

"फ्रीजर तू उचलायचास," ती म्हणाली. "एकट्यानं. आणि कॉफीचा थर्मास चांगला घे, तो गळका नको." मग ती ट्रॅव्हिसकडे गेली आणि बोट आम्ही घेतोय म्हणून सांगून आली.

पुढच्या शनिवारी पहाटे त्याच उतारावर डॉयलने पिकअप मागे घेतली. ग्लेंडा डोक्याला रुमाल बांधून, थर्मास काखेत धरून उभी होती. बोटीमागे जाऊन लॅमार बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने तिला हाक मारली.

"हे घे," म्हणून त्याने बूच तिच्या हातावर ठेवलं. "हे आता तू बघायचं. डॉयलला काही बोलू नकोस. त्याला उगीच वाईट वाटेल."

ग्लेंडाने थर्मास खाली ठेवला, ओल्या सिमेंटवर गुडघे टेकले आणि बूच भोकाला लावलं. ते काही बसेना.

"अगं बाई, उलटं फिरवतेयस!" लॅमार वैतागून म्हणाला.

"मग ओरडतोस काय? नीट दाखव ना!"

"सरक तिकडं." तो कण्हत तिच्या शेजारी बसला, तिचा हात हातात धरला आणि हळूहळू फिरवून दाखवू लागला.