मान वळवलेली कदेश

नाखी चित्रकाराला या व्यवहारात एक गाढवी मिळायची होती. बदल्यात शेजारच्या पेनदुआला दगडावर कोरलेली देवी, आणि देवीकडून मुलगा. मुलाची चाहूल लागली नाही, तर नदीच्या पुढच्या पुराला दुसरी बायको आणीन, असं पेनदुआनं आपल्या बायकोला, हेनुतला, बजावून ठेवलं होतं. सात वर्षं संसार करून तिच्या हाती उरली होती फक्त पूर येईपर्यंतची मुदत.

देवी म्हणजे कदेश. माहेर तिचं परमुलखातलं, पण आमच्या थडगी कोरणाऱ्यांच्या गावात ती छान नांदतेय. हातात कमळ आणि साप घेऊन सिंहावर उभी असते. बाकीचे देव बाजूला बघतात, ही एकटी थेट भक्ताच्या डोळ्यांत बघते. नाखीचा हात जन्मभर एका बाजूचे चेहरे काढून सरावलेला. सवयीनं त्यानं हिचीही मान वळवली. गाढवी मात्र आधीच नेली होती.

"नाख्या, ही माझ्याकडं बघतच नाही!"

"लाजत असेल."

"अंगावर चिंधी नसताना सिंहावर उभी राहिली, तेव्हा नाही ती लाजली?"

शिळा परत गेली. नवी देतो म्हणत नाखीनं ती गोठ्यात, गाढवीशेजारी टेकवली आणि विसरून गेला. पूर तोंडावर आला, आणि गाढवी व्याली.

पेनदुआ तडक पंचांपुढं. लिहून घ्यायला मी होतोच.

"शिळेवर नाव माझं, नवस माझा. शिंगरू माझं!"

"गाढवी माझी, वैरण माझी," नाखी म्हणाला. "आणि देवी तर तूच परत पाठवलीस."

"शपथ घेतोस?" पंचांनी पेनदुआला विचारलं.

"अमून देवाची शपथ! कदेश माझ्या नवसाला पावली."

शिंगरू त्याला मिळालं. मागून हेनुत पुढं आली. "लेखकदादा, हे ठळक लिहा हं. नवस मुलाचा होता. पावली, म्हणजे मुदतीचा प्रश्न मिटला. आता हे दुसरी कशाला आणतील?"

खोट्या शपथेला शंभर फटके. पेनदुआनं शिंगराकडं पाहिलं, पंचांच्या काठीकडं पाहिलं, आणि शिंगराला घेऊन घरची वाट धरली.

नाखीचं शिंगरू गेलं, पेनदुआची न आलेली बायको गेली. कदेश अजून गोठ्यातच आहे. हेनुत रोज तिला भाकरी आणि बियर नेऊन ठेवते. पेनदुआच्या वाट्याची.