न वाजलेली आठ मिनिटं

मित्रांनो, टिकटिक ऐकू येते आहे ना? घाबरू नका, तुमच्या परीक्षेचे घड्याळ नाही ते. तो मी आहे. मी एक जुना, पत्र्याचा, लाल रंगाचा टायमर आहे. रंग आता निम्माच उरला आहे आणि पोटावर पोचा आला आहे, पण घंटी अजून खणखणीत आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे कोणी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, कोणी दातेरी चाके, कोणी घंटी. शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाली बाई बसत असे. ती प्रत्येक टायमर कानाला लावून बघायची. मला कानाला लावून ती शेजारणीला म्हणाली, "हा जरा हट्टी दिसतोय, पण टिकेल." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

हट्टी म्हणायचे कारण होते. मला एक खोड आहे, ती आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळेच घडले. माझी तबकडी हीच माझी चावी. अर्धा तास लावा, वीस मिनिटे लावा, मी बरोबर वाजतो. पण दहा मिनिटांच्या आतली वेळ हवी असेल, तर तबकडी आधी वीसच्या पुढे न्यावी लागते आणि मग मागे आणावी लागते. नाहीतर माझ्या स्प्रिंगला पुरेसा पीळच बसत नाही. मी टिकटिक करत शून्यावर येतो आणि मुकाट्याने थांबतो. हे माझ्या खोक्यातल्या कागदावर छापलेले होते. पण खोक्यातले कागद कोण वाचतो!

मला विकत घेणाऱ्याने मात्र वाचला. तो एक म्हातारा बेकरीवाला होता. त्याची दोन मुले त्याच्याबरोबर बेकरीत राबत. थोरली मुलगी पीठ मळायची आणि गल्ला, गिऱ्हाईक सगळे सांभाळायची. तिला सगळे ताई म्हणत. धाकटा मुलगा भट्टीवर असे. त्याला सगळे धाकटाच म्हणत, पुढे त्याचे केस पांढरे झाले तरी. म्हाताऱ्याने माझी खोड धाकट्याला दाखवून ठेवली. ताईचा भट्टीशी संबंध नव्हता, म्हणून तिला दाखवायचे कोणाच्या मनातही आले नाही.

माझी ती उमेदीची वर्षे होती. पावाला पस्तीस मिनिटे, केकला पन्नास, पातळ बिस्किटांना आठ. मी वाजलो की धाकटा जिथे असेल तिथून धावत यायचा. "घरात या टायमरइतका शहाणा कोणी नाही," असे म्हातारा म्हणायचा आणि दोन्ही मुलांकडे बघायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. पिठाने माखलेला असलो तरी मी त्या बेकरीचा राजा होतो.

मग म्हातारा वारला. बहीणभावांनी बेकरी चालू ठेवली. आणि एक दिवस तो प्रसंग घडला.

लग्नाच्या ऑर्डरची बदामाची बिस्किटे भट्टीत जायची होती. नेमकी तेव्हाच पिठाची गाडी दारात आली. "ताई, बिस्किटं आत सरकवलीत, आठ मिनिटं लाव," असे ओरडून धाकटा पोती उतरवायला पळाला. ताईने मला उचलले आणि सरळ आठवर आणून ठेवले. मित्रांनो, मी आतून तळमळत होतो. "अगं, आधी वीसपर्यंत ने!" पण टायमरला टिकटिकीपलीकडे भाषा कुठली? मी शून्यावर आलो आणि गप्प बसलो. थोड्या वेळाने धूर आला. घरातले शेवटचे बदाम होते ते.

ताईचा संताप तिच्या जिभेवर आला. दुकानात सात-आठ गिऱ्हाईके उभी होती. "बिघडलेला टायमर माझ्या हातात देऊन निघून गेलास! तुला एक वस्तू सांभाळता येत नाही, भट्टी काय सांभाळणार तू? बाबा होते म्हणून तुझं चाललं!"

 धाकट्याने कमरेचा एप्रन सोडला, खुंटीला टांगला आणि तो गेला. आठ दिवसांनी कळले, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉटेलच्या भट्टीवर त्याने काम धरले आहे. माझी रवानगी खालच्या खणात झाली, तुटके साचे आणि सुतळीच्या गुंड्यांच्या शेजारी. ताईने विजेची भट्टी घेतली. ती स्वतःच पीं पीं करायची. माझी गरज संपली.

चार वर्षे मी त्या खणात होतो. अंधाराचे दुःख नव्हते मला. आपण बिघडलेलो नाही हे ठाऊक असून कोणाला सांगता येत नाही, ते दुःख मोठे असते. बहीणभाऊ त्या चार वर्षांत एकमेकांशी बोलले नाहीत. गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून खणात ऐकू यायचे, की रविवारी दोघे चर्चमध्ये एकाच प्रार्थनेला जात, ताई उजवीकडच्या बाकांवर, धाकटा डावीकडच्या. प्रार्थनेत शांतीची खूण म्हणून एकमेकांचा हात हातात घ्यायची वेळ आली की दोघेही नेमके खाली वाकून चप्पल शोधू लागत. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, ते खोटे नाही.

मी खणाबाहेर आलो तो चर्चच्या पाळकांमुळे, म्हणजे धर्मगुरूंमुळे. ते पाव घ्यायला येत. एकदा ताई त्यांना म्हणाली, "रोज बायबल वाचते मी, पण मनात काही राहत नाही. वाचून झालं की विचारा, काय वाचलं ते सांगता येणार नाही."

"कधी वाचता?"

"पाव भट्टीत घातले की उभ्या उभ्या. एक डोळा पुस्तकावर, एक गल्ल्यावर."

पाळक हसले. "ताई, पीठ मळल्या मळल्या भट्टीत ढकलता का?"

"छे! फुगायला नको का?"

"मग देवाच्या वचनालाही थोडी उसंत द्या. बसायच्या आधी तयारी करा. जागा ठरवा, वेळ ठरवा, मन रिकामं करा. आणि वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, यात माझ्यासाठी काय आहे?"

ताईच्या अंगात बेकरीवालीचे रक्त. तयारी म्हटली की ती वजनमापासकटच करणार. दुपारी तीनला गिऱ्हाईक नसते, ती वेळ तिने ठरवली. पिठाच्या पोत्यांमागे एक छोटे टेबल मांडले, खुर्ची गल्ल्याकडे पाठ करून. बायबलला खाकी कव्हर घातले. एक वही आणली आणि तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले: 'काय लिहिलं आहे', 'अर्थ काय', 'मी काय करायचं'. चार रंगांच्या पेन्सिली आणल्या आणि इतक्या तासल्या, की त्या निम्म्या झाल्या. मोबाइल वाजत राहतो म्हणून पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायचे ठरवले. आता वेळ कशी कळणार? खणात हात घालून तिने मला बाहेर काढले. "बिघडलेला आहेस," ती फुंकर मारत म्हणाली, "पण बघू."

तिने मला तीसवर लावले. चार वर्षांनी माझ्या स्प्रिंगला पीळ बसला. ठीक अर्ध्या तासाने मी असा वाजलो, की ताई खुर्चीतून उडाली. त्या दिवशी मला किती आनंद झाला ते विचारूच नका.

पण पूर्ण आठवडा झाला तरी तिने एक ओळ वाचली नव्हती! पाळकांनी विचारले, "कुठवर आलं?" तर म्हणते, "शंभर पानं आखून झाली."

"देवाला रकाने दाखवणार आहात का, ताई?" ते इतके हसले, की हातातला पाव खाली पडला.

दुसऱ्या दिवशी ताई खरोखर बसली. एप्रन काढला, कोपरापर्यंत हात धुतले, मोबाइल डब्यात टाकला, डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली. मला तीसवर लावले आणि मत्तयाचे शुभवर्तमान उघडले. मी टेबलावरून सगळे बघत होतो. तीच ताई, तेच पुस्तक, पण आता ती एका ओळीवर थांबायची, मागे जायची, पेन्सिल चावायची, मधेच स्वतःशी "अरे हो!" म्हणायची. वहीची पाने भरू लागली. अशी दुपार मी भट्टीवर कधी अनुभवली नव्हती.

मग पाचव्या अध्यायात गाडी अडली. तिथे येशू सांगतो, की वेदीपाशी आपले अर्पण आणलेस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. ताईने पहिला रकाना नीट भरला. दुसऱ्यात लिहिले, 'सगळ्यांशी प्रेमाने वागावे'. तिसऱ्यात बराच वेळ काहीच लिहिले नाही. शेवटी लिहिले, 'शेजारणीला बिस्किटे देणे'. आणि लगेच स्वतःच खोडले. चार दिवस ती त्याच पानावर होती. पुढे जाता येईना, मागे जाववेना.

पाचव्या दिवशी सकाळी वीज गेली. बिस्किटांचा एकच ट्रे राहिला होता, म्हणून ताईने जुनी भट्टी पेटवली. पीं पीं करणारे यंत्र मुके झाले होते. तिने मला उचलले आणि सरळ आठवर लावले. मी टिकटिक करत शून्यावर आलो आणि गप्प बसलो. करपल्याचा वास आला तेव्हा ती धावली.

"परत दगा दिलास!" तिने मला कचऱ्याच्या डब्यावर धरले. मित्रांनो, माझी घटका भरली असे मला वाटले. पण तिचा हात वरच राहिला.

"रोज दुपारी वाजतोस," ती हळूच म्हणाली. "मग आठालाच काय होतं तुला?"

तिने मला पुन्हा आठवर लावले आणि समोर बसून राहिली. मी गप्प. मग तीसवर नेले, हाताने मागे आठवर आणले आणि पुन्हा वाट बघितली. मी वाजलो. जीव तोडून वाजलो. ताईने माझी घंटी तळहाताने थांबवली. "म्हणजे त्या दिवशी... मीच," एवढेच ती बोलली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

दुपारी तीनला तिने नेहमीप्रमाणे एप्रन काढला, हात धुतले, वही आणि बायबल उघडले. पण खुर्चीवर बसली नाही. दोन्ही तसेच उघडे ठेवून तिने मला पदराआड धरले आणि दुकानाला कडी घातली. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची पावले तीनदा थांबली. एकदा तर ती चक्क मागे वळली. चार वर्षांनी भावाने दारातूनच हाकलले तर? मी तिच्या मुठीत घट्ट आवळलेला होतो.

हॉटेलच्या मागच्या दारी धाकटा ट्रे रचत होता. तिला बघून त्याचे हात थांबले.

"हा बिघडलेला नव्हता रे," ताईने मला पुढे केले. "मीच चुकीचा लावला होता. तूही चुकला नव्हतास. लोकांसमोर बोलले मी तुला, आणि बाबांचं नाव मधे आणलं. माफ कर मला."

धाकट्याने हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत होतं, ताई."

"काय?"

"वीसपर्यंत न्यायचा आणि मागे आणायचा. बाबांनी दाखवलं होतं मला. त्या दिवशी पोत्यांच्या घाईत तुला सांगायचं राहिलं. आणि मग तू तसं बोललीस, तेव्हा म्हटलं, आता सांगतच नाही. बसू दे हिला."  "चार वर्षं एक वाक्य तोंडात धरून बसलो. मलाच माफ कर."

दोघेही रडायच्या बेतात असताना ताईने नाक वर केले. "तुझं काहीतरी जळतंय."

"अरे बाप रे!" म्हणत धाकटा भट्टीकडे पळाला, आणि चार वर्षांनी मी त्या दोघांना एकत्र हसताना ऐकले.

परत आल्यावर ताई टेबलापाशी बसली. वही उघडीच होती. तिसऱ्या रकान्यात, खोडलेल्या ओळीखाली, तिने एकच शब्द लिहिला: 'गेले.' मग पान उलटले आणि मला तीसवर लावले.

त्याला आता दोन वर्षे झाली. धाकट्याने हॉटेलची नोकरी सोडली नाही, पण संध्याकाळची भट्टी लावायला तो रोज येतो. साडेतीनच्या आधी आला तर बाहेरच्या पायरीवर बसतो. मी वाजल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. ताईची कधी घाई असते, आठच मिनिटे असतात. तरी ती एप्रन काढते, हात धुते, डोळे मिटते, आणि मला आधी वीसच्या पुढे नेऊन मगच मागे आणते.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी गप्प बसली असेल, तर तिला फेकण्यापूर्वी एकदा तिच्या खोक्यातला कागद शोधा. आणि घरातले एखादे माणूस गप्प बसले असेल, तर कागद शोधत बसू नका. पुस्तक उघडेच ठेवा, आणि आधी त्याच्याकडे जा. चला, साडेतीन होत आले. पायरीवर कोणीतरी वाट बघते आहे, मला वाजायला हवे.