भाकरीचं फडकं

दिग्रसच्या बाजारात माह्यं शिलाईचं दुकान. अन्सार टेलर म्हटलं का कोनीही दाखवते. बंजाऱ्यायच्या तांड्यावरच्या बाया माह्याकून रंगीत धागा नेत. त्यात चंदाबाई मोठी चोखंदळ गिऱ्हाईक. धागा उन्हात धरे, दाताखाली चावे, मंग म्हणे, "भाई, हा रंग सोडन." अन् खरंच सोडे.

हात सोन्याचा बाईचा, पण तोंड मातर वंगाळ. सासूले ते याडी, म्हणजे माय, म्हणे, अन् दुकानात चार लोकायसमोर त्याच याडीची टिंगल करे. म्हणे, याडीचे टाके म्हणजे चिखलातले बैलाचे खुर. सासू बिजलीबाई आता डोळ्यानं गेलती. कधीकाळी साऱ्या तांड्यातल्या नवरीयचे लगनाचे कपडे तिनंच शिवले. डोळे जायच्या आंधी शेवटचं शिवलं ते भाकरी बांधाचं फडकं. लाल-काळं, कवड्यायचं, आरशायचं, अन् मधात लोणच्याच्या तेलाचा हा एवढा पिवळा डाग. त्या फडक्यातली भाकर खाल्ली नाई असा मानूस तांड्यात नव्हता.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्सी यवतमाळचे एक साहेब आलते. चंदाबाईची एक थैली माह्या दुकानात टांगली होती, ते पाहून म्हणे, या बाईचं काम प्रदर्शनात लावू. झालं. बाईनं सारा पावसाळा एका चादरीत घातला. माह्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा मोर अन् कमळ उतरवलं. मी म्हटलं, हा मोर कॅलेंडरवरच बरा दिसते. तं म्हणे, शहरच्या लोकायले असंच लागते, तुले काय समजते.

साहेबाचा शिपाई चादर न्यायले आला, तवा हातात आलं त्या फडक्यात तिनं ते बांधून देल्ली. फडकं गेलं ते गेलंच. म्हातारी रोज विचारे, माह्यं फडकं कुठं हाय? चंदाबाई सांगे, उंदरानं कुरतडलं.

प्रदर्शनाच्या दिवशी अर्धा तांडा यष्टीत बसला. मीबी दुकान बंद करून गेलो. म्हातारी सुनेची ओढणी धरून. आत जाऊन पाह्यतो तं काय, भिंतीवर काचेत भाकरीचं फडकं लावेल, खाली चिठ्ठी, चंदाबाई, दिग्रस. अन् मोराची चादर? ते साहेबाच्या टेबलावर, तिच्यावर कपबशा. शिपायानं वरून बांधेल फडक्यालेच काम समजलं होतं.

तांड्यातल्या लोकायनं फडकं वयखलं. चंदाबाईचा नवरा रूपसिंग आपल्या जोड्याकडं पाहत राह्यला.

साहेब हात जोडत आले. म्हणे, असं काम मी अजून पाह्यलं नाई, बाई, हे तुमच्याच हातचं ना?

चंदाबाईनं टेबलाकडं पाह्यलं, भिंतीकडं पाह्यलं. अन् हो म्हून मान हालवली.

पितळेचा गडवा भेटला बक्षीस. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या म्हातारीच्या.

"काय लावलं वो भिंतीवर?" तिनं सुनेले विचारलं.

"मोर, याडी."

"हात लावू दे न मले."

पहारेकरी म्हणे, हात लावाची मनाई हाय. मी चंदाबाईच्या बाजूलेच होतो. तिचा अडकेल श्वास सुटला, ते मले आयकू आलं.

परत येता दारव्ह्याच्या पुढं भुका लागल्या. भाकरी पेपरात बांधेल होत्या. म्हातारीनं कागद चाचपला. म्हणे, माह्या फडक्यात नरम राह्यल्या असत्या. टोमणा नव्हता तो, तिले तसंच वाटलं.

चंदाबाई गडवा मांडीत घेऊन बसली होती. ओढणी नाकापर्यंत ओढेल. घडीभरानं भर यष्टीत बोलली, "याडी, भिंतीवर मोर नाई. तुह्यं फडकं हाय. मी माह्यं म्हून सांगतलं."

कंडक्टरही तिकीट फाडता फाडता थांबला. म्हातारीनं तोंडातला घास चावून गिळला.

"अन् तो डाग?"

"दिसते."

"लोकायनं पाह्यला?"

"साऱ्यायनं."

म्हातारीनं तोंडावर ओढणी घेतली. "धुवून तं द्याचं होतं, बाई. घराची लाज गेली."

तिले तेवढीच लाज. आपलं नाव गेलं हे तिच्या ध्यानातही नाई. त्या बोलण्यानं चंदाबाई शरमेनं अजूनच वाकली. गडव्यावर डोकं टेकून दिग्रस येईपर्यंत रडली.

दुसऱ्या दिवशी एकलीच यवतमाळले गेली अन् साहेबाले सांगून चिठ्ठीवर बिजलीबाईचं नाव लिहून आली. गडवा म्हातारीच्या खाटेपाशी ठेवला. मंग तिच्याच पायाशी बसून ते बैलाचे खुर शिकली. म्हातारी बोटानं टाका चाचपे अन् चुकला का हातावर चापट मारे.

आता चंदाबाईचं काम नागपूर, मुंबई, दिल्ली, कुठं कुठं जाते. हरेक कापडाच्या मधात पिवळ्या धाग्याचा एक वाकडा ठिपका असते. मोठे लोक विचारतात, हा सूर्य का? ते म्हणते, नाई, डाग हाय.

धागा अजून माह्याकूनच नेते. लाल चावून पाह्यते, काळा चावून पाह्यते. पिवळा तसाच उचलते. एकदा मी म्हटलं, हा नाई पाह्यत?

"राहू दे, भाई," म्हणे. "हा पसरला तं पसरू दे."