वाढत्या अंगाचा तंबू

बाबा शिंपी. त्यामुळे सुट्टीत तळ्याकाठी जायचं ठरलं तेव्हा तंबू विकत आणायचा विषयच निघाला नाही. तो घरीच शिवला गेला. कॉलर लावली नाही हे नशीब. खिसा मात्र होता, आतून, डाव्या बाजूला. तंबूची छाती कुठे असते हे बाबांना माहीत होतं.

आमच्या घरात माप घ्यायची एक रीत होती. बाबा टेप लावून आकडा मोठ्याने म्हणायचे आणि थोरल्या दादाने तो मागून परत म्हणायचा. दोनदा कानावर पडला की आकडा बाबांच्या डोक्यात पक्का बसायचा. मग दादा गेला. तापाने, एका साध्या मंगळवारी. तेव्हापासून बाबांनी घरातल्या कुणाला टेप लावली नाही. माझी धाकटी बहीण चिमणी तयार फ्रॉक घालते. माझे शर्ट बाबाच शिवतात, पण दादाच्या मापाने. तेही जुन्या नाही. दर वाढदिवसाला ते मनातल्या मनात त्याला थोडं वाढवतात. त्यामुळे माझ्या बाह्या गुडघ्यांशी गप्पा मारतात आणि शाळेत मला बुजगावणं म्हणतात.

मला एवढंच हवं होतं, की बाबांनी एकदा माझ्या अंगाला टेप लावावी. पण हा विषय काढला की आई स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडायची.

तळ्याकाठी तंबू उभा राहिला, एकही सुरकुती नाही. आत झोपायला जाड कापडाचे पट्टे शिवले होते. आईने वाकून पाहिलं.

"आपण चौघं. हे पाच आहेत."

"कापड उरलं होतं," बाबा म्हणाले.

बाबांचं कापड कधी उरत नाही. उरलंच तर त्याची टोपी होते.

दिवस झकास गेला. बॅडमिंटन खेळताना फूल वाऱ्याने तळ्यात नेलं, मग आम्ही चप्पल घेऊन खेळलो. मी फटका मारला की बाहीच आधी पोहोचायची. उकडलेली अंडी खाऊन दुपारी सगळे तंबूत आडवे झालो. पाचवा पट्टा भिंतीकडेचा. त्याच्या पायथ्याशी कापड बाहेर फुगलं होतं. दोन गोल, शेजारी शेजारी, टाचांएवढे.

"बाबा, दादाला तंबू आखूड होतोय," चिमणी म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

"वारा आहे तो," आई म्हणाली.

"वाऱ्याला अंगठा असतो?"

अंगठा हलला.

बाबा उठून बसले. घाबरले नव्हते. गिऱ्हाईक पहिल्यांदा कपडा घालतं आणि तो अंगात बसत नाही, तेव्हा त्यांचा चेहरा असा होतो.

"आखूड कसा? वाढ धरली होती मी."

तंबूच्या खिशातून त्यांनी टेप काढली. गुडघ्यांवर बसून रिकाम्या उशीपासून त्या टाचांपर्यंत लावली आणि आकडा म्हणाले. मग थांबले. पुन्हा म्हणाले. बाहेर तळ्याचं पाणी काठाला चुबुक चुबुक करत होतं. स्वतःचं माप स्वतः म्हणत नाहीत, ही आमच्याकडची शिस्त. दादा ती मोडणार नव्हता.

म्हणून आकडा मी म्हणालो.

बाबांनी मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे, मग हातांच्या खाली लोंबणाऱ्या बाह्यांकडे.

"हे कुणी शिवलं?"

"तुम्हीच."

"उभा राहा. हात सैल सोड."

टेप थंडगार होती. कुणाच्या अंगाला लागून आल्यावर ती कोमट असायला हवी ना?

"खांदा चौदा," बाबा म्हणाले.

"चौदा," पाचव्या पट्ट्यावरून आवाज आला. थोडा घोगरा. आवाजही वाढत्या अंगाचा होता.

"बाही वीस."

"वीस. दोन बोटं जास्त धरा, बाबा. हा ताडमाड होणार आहे."

चिमणी खुदकन हसली. आईने तोंडावर हात धरला होता. तो तिने काढला आणि रिकाम्या पट्ट्याला विचारलं, "अंडं खाल्लंस का रे?"

डब्यातलं शेवटचं अंडं नंतर कुणाला सापडलं नाही. चिमणी म्हणते, तिने खाल्लं नाही. चिमणीचा भरवसा नाही.

संध्याकाळी तंबू गुंडाळण्याआधी बाबांनी पायथ्याची शिवण ब्लेडने उसवली. "पाय मोकळे राहू देत," म्हणाले.

नवा शर्ट आला. बाह्या मनगटाशी थांबल्या, आत दोन बोटं दुमडून. त्या दिवशी शाळेत मला हाक मारायला कुणाला काही सुचेना.

मग चिमणीच्या फ्रॉकचं माप निघालं. आकडा परत म्हणायचं काम आता माझं. बाबांनी टेप लावली. "छाती चोवीस."

मी तोंड उघडलं, आणि दारामागून कुणीतरी माझ्याबरोबरच म्हणालं, "चोवीस."

बाबांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"एका वेळी एकाने बोला रे," ते म्हणाले. "माझा गोंधळ होतो."