मध्ये न बोलता एक गाणं

मधुकरराव टिपणिसांना जुन्या इंग्रजी गाण्यांचं वेड आहे, हे मुलुंड पूर्वेच्या त्या विरंगुळा केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या वेडापायी रविवारच्या गाण्यांच्या तासाला ते कुणाला एकही गाणं धड ऐकू देत नाहीत, हे तर त्याहून जास्त ठाऊक होतं. आणि याचा जाब लोक विचारायचे कुणाला? सुनंदाबाईंना. नवऱ्याने बोलायचं आणि बायकोने बोलणी खायची, ही कुठली रीत?

"वयनी, माजा काय म्हणणा नाय," केंद्राचे अध्यक्ष जयवंत परब गुरुवारी सकाळी दारातच उभे राहून म्हणाले. परब मूळचे मालवणकडचे. एरवी चांगलं शहरी बोलायचे, पण वाईट बातमी सांगायची झाली की आपोआप गावच्या भाषेत शिरायचे. "पण लोकांचा ऐका. पयल्या म्हयन्यात बत्तीस जणा येयत. आता सात. त्यात एक तुमी आणि एक तो लॅपटॉपवालो नितेश. हास्य क्लबवाले रविवारचो हॉल मागतत."

'द्या मग त्यांनाच, एकदाची सुटेन मी,' हे सुनंदाबाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आतल्या खोलीत मधुकरराव टेबलावर वही उघडून बसले होते, रविवारची तयारी करत. पाठमोरे. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा लिहीत होता. गेल्या तीनेक वर्षांत त्यांनी एकेक गोष्ट सोडून दिली होती. लग्नाकार्याला येत नाहीत, फोन उचलत नाहीत, कट्ट्यावर मित्रांत बसत नाहीत. "कंटाळा येतो गं," म्हणायचे. उरला होता तो रविवारचा एक तास. तोही गेला, तर हा माणूस घरातल्या कपाटासारखा एका जागी उभा राहील, याची सुनंदाबाईंना मनापासून भीती वाटत होती.

"यांना अजून एक संधी द्या, भाऊ," त्या म्हणाल्या.

परबांनी मान खाजवली. "एक गाणा. सुरवातीपासून शेवटापर्यंत. मधी एक अक्षर बोलूचा नाय. जमला, तर हॉल तुमचो. पण हमी तुमी घेवची."

घेतली बाईंनी हमी. घेतली आणि लगेच पस्तावल्या, कारण नवऱ्याचा तोंडाचा पट्टा त्यांच्याइतका कुणाला माहीत होता?

पूर्वी हे असं नव्हतं. पूर्वी मधुकरराव गाण्याआधी बोलायचे, गाणं झाल्यावर बोलायचे, आणि मधला वेळ डोळे मिटून बसायचे. तेव्हा सुनंदाबाईंना शाळा, मुलं, स्वयंपाक यातून गाणं ऐकायला फुरसत नव्हती. आता फुरसत होती, तर हे ऐकू देत नव्हते! पियानोच्या बाकावरून उठून नाचत गाणारा तो उत्साही गडी असो, कपाळावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे केस काढणारा तो देखणा असो, नाहीतर लिव्हरपूलची ती चार पोरं असोत, कुणालाही दहा सेकंदांच्या वर गाऊ दिलं तर शपथ. लॅपटॉपपाशी उभं राहायचं, पडद्यावर नजर लावायची आणि खटकन बटण दाबायचं. "थांबा! इथे मागे बास गिटारवाला काय करतोय, ऐकलंत?"

"अहो टिपणीस, तुम्ही बंद केलंत, तो बिचारा काय करणार?" पहिल्या रांगेतल्या रत्नप्रभाबाई एकदा ओरडल्या होत्या. सगळा हॉल हसला. मधुकरराव त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघून स्वतःही हसले, "अगदी बरोबर बोललात," म्हणाले, आणि पुन्हा दहा सेकंदांनी खटकन! सुनंदाबाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. निगरगट्टपणालाही काही सीमा असते की नाही?

परब गेल्यावर त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि अट सांगितली. मधुकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पण सुनंदा, सांगितल्याशिवाय लोकांना कळणार कसं?"

"कसं म्हणजे? कानांनी! देवाने दिलेत ना सगळ्यांना दोन दोन?"

त्यांनी वही मिटली. म्हणाले, "बरं. मी लॅपटॉपपाशी गप्प उभा राहतो."

"मुळीच नाही. तिथे तुमचे हात शिवशिवणार. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, खुर्चीत. बटण नितेश दाबेल."

"निदान पडदा दिसेल असा बसतो गं."

"गाणं ऐकायचं असतं, बघायचं नसतं. काय लहान मुलासारखं लावलंय!"

तीन दिवस माणूस जेवणात नव्हता. शनिवारी भरली वांगी केली, तर ताटात तशीच ठेवून उठले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एक गाणं गप्प बसून ऐकायचं, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे, हे सुनंदाबाईंना कळेना. त्यांनी विचारलंही. उत्तर म्हणून सुपारीच्या डब्यासारखं घट्ट बंद तोंड मिळालं. मग त्यांनीही चिडून वांगी डब्यात भरून टाकली.

रविवारी पाच वाजता हॉलमध्ये सव्वीस माणसं. गाण्यासाठी कोण आलंय? टिपणीस गप्प बसतात का ते बघायला आले होते सगळे. हास्य क्लबवाले तर चक्क पुढच्या रांगेत.

प्रास्ताविकाला पाच मिनिटं दिली होती आणि ती, खरं सांगायचं तर, मधुकररावांनी झकास घेतली. गायक कुणाला माहीत नसलेला. अमेरिकेतल्या आडगावचा, आई लोकांचे कपडे धुवायची, गिटार शेजाऱ्याची उसनी आणलेली. एका दुपारी गावातल्या तिघा पोरांना जमवून त्याने एक गाणं रेकॉर्ड केलं, सहा आठवडे ते रेडिओवर वाजलं, आणि मग हा जन्मभर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करत राहिला. "मोठ्या झालेल्यांची नावं आपल्याला पाठ असतात," मधुकरराव म्हणाले, "पण ते सगळे मोठे होण्याआधी अशाच कुणाचं तरी गाणं रेडिओला कान लावून ऐकत बसले होते. हा माणूस तो रेडिओतला. त्याला फक्त सव्वादोन मिनिटं द्या."

आणि ते येऊन सुनंदाबाईंच्या शेजारी बसले. नितेशने बटण दाबलं.

सुनंदाबाईंनी एक डोळा नवऱ्यावर ठेवला होता. आता बोलतील, मग बोलतील. पण ते बोलले नाहीत. नुसते मान उंच करून नितेशकडे बघत राहिले, जणू त्याने अजून सुरूच केलं नाही. रुसलेत, बाईंनी मनात म्हटलं. रुसू देत मेले. आणि मग त्यांचं लक्ष गाण्याकडे गेलं ते गेलंच. चाळणीतून रवा पडावा तसा बारीक, एकसारखा ड्रम वाजत होता. त्यावर त्या पोराचा आवाज. वरच्या सुरावर तो फाटत होता, दर वेळी तिथेच, आणि पोरगा न लाजता दर वेळी परत तिथेच जात होता. इंग्रजी शब्द निम्मे कळले नाहीत. काही अडलं नाही. इतकी वर्षं हे घरात होतं आणि मला पत्ता नाही, असं वाटून त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

रत्नप्रभाबाई मान डोलवायला लागल्या. तसे मधुकरराव दचकले, घाईघाईने डोळे मिटले, आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

गाणं संपलं. अगदी शेवटी, वाद्यं थांबल्यावर, रेकॉर्डमध्ये मागे कुणीतरी बारीक हसलं. मग काही नाही, नुसता पंख्यांचा आवाज.

मधुकरराव ठेका धरूनच होते.

लोक टाळ्या वाजवायला हात उचलून थांबले. डोळे मिटलेले, मान हलतेय, बोटं गुडघ्यावर चाललीयेत, ओठही हलतायत, आणि हॉलमध्ये काहीसुद्धा वाजत नाहीये. मागून कुणीतरी फिसकन हसलं. नितेश गोंधळून म्हणाला, "काका..." काकांना त्याचाही पत्ता नाही.

सुनंदाबाईंना एकेक आठवायला लागलं. उचलला न जाणारा फोन. सोडलेली लग्नं. कट्टा. समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय कधीच न मिळणारं उत्तर. पडद्यावरचे गाण्याच्या वेळेचे सरकते आकडे बघून, पाठ असलेलं गाणं दहा दहा सेकंदांनी तोडणारा माणूस. जो सतत बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. एवढी साधी गोष्ट! आणि मी याला निगरगट्ट म्हणत होते, पट्टा म्हणत होते. अरे देवा, कानांनी कळेल असं मीच म्हटलं ना याला!

त्या उभ्या राहिल्या, हॉलकडे वळल्या आणि हात वर केला. तीस वर्षं पाचवी ब गप्प बसवलेला तो हात होता. टाळ्यांसाठी उचललेले हात खाली आले. हसणारा थांबला. परब काहीतरी बोलायला पुढे झाले होते, ते तिथेच भिंतीला टेकले. सव्वीस माणसं मिनिटभर त्या शांततेत बसून राहिली. सुनंदाबाई नवऱ्याची बोटं बघत होत्या. तो आवाज फाटतो ती जागा आली असणार, कारण त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी पडली आणि गेली. मग बोटं थांबली. त्यांनी डोळे उघडले.

टाळ्या पडल्या. रत्नप्रभाबाई पदराने नाक पुसत होत्या.

"बघितलंस?" मधुकरराव लहान मुलासारखे फुलले होते. "चकार शब्द काढला नाही!"

"रविवारचो हॉल तुमचो," परब बाईंना हळूच म्हणाले, जमिनीकडे बघत.

घरी जाताना सुनंदाबाई संतापाने नुसत्या धुमसत होत्या. फुटपाथवर शेजारून चालताना त्यांनी सगळं बाहेर काढलं. "बायको मेली होती का तुमची? एका शब्दाने सांगता येत नव्हतं? डॉक्टर काय फक्त गुडघ्यांना असतात? तीन वर्षं! तीन वर्षं मी चारचौघांत तुम्हाला बोलतेय आणि तुम्ही हसताय!" मधुकरराव समोर बघत खुशीत चालत होते आणि पुढच्या रविवारी कुठला ड्रमवाला घ्यायचा ते सांगत होते. बाईंचा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. भाजीवाला मात्र वळून बघायला लागला.

शेवटी त्यांनी नवऱ्याची बाही धरली, त्याला थांबवलं आणि समोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

मधुकररावांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. हसू हळूहळू गेलं.

"तुझं कळतं," ते म्हणाले. "तोंडाकडे बघितलं की माणसांचं कळतं. गाण्याला तोंड कुठे असतं?"

"अहो, मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर माझ्यासाठी गाणं कोण लावणार होतं, सुनंदा? बहिऱ्यासाठी कुणी गाणं लावतं का?"

सुनंदाबाईंना रडूही येत होतं आणि दोन रट्टे द्यावेसेही वाटत होते. "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे," त्या दरडावून म्हणाल्या. "कारणं नकोत. मशीन घालायचं."

त्यांनी मान डोलावली. जायला वळले, आणि पुन्हा थांबले. जरा संकोचून त्यांनी विचारलं, "कसं वाजलं गं? नीट वाजलं?"

लोक बाजूने जात होते. सुनंदाबाईंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत सांगितलं, "चांगलं वाजलं. त्याचा आवाज फाटतो. वर गेला की. आणि शेवटी, सगळं थांबल्यावर, मागे कुणीतरी हसतं."

"हसतं?" मधुकररावांचे डोळे भरून आले. "अजून हसतो तो?"

"हसतो," त्या म्हणाल्या.